जुन्या हाताची नवी शिकवणी: मुरलेल्या एस्थेटिक डॉक्टरांनी पुन्हा शिकायचं कसं

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या क्लिनिकमधली एक दुपार. वरच्या ओठात फिलर (उभारी देणारं जेल) भरत होते. सिरिंज निम्मी झाली आणि ओठाची डावी बाजू खडूसारखी पांढरी पडली. हात थांबवला, बोटाने दाबून पाहिलं. रंग परत येईना. सिस्टरला म्हटलं, "हायलुरोनिडेज काढ." फिलर विरघळवणारं औषध ते. फ्रीजमध्ये एकच व्हायल निघाली आणि तिची मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपलेली. गोखले रोडवरच्या एका मैत्रिणीच्या क्लिनिकमधून स्कूटरवरून दोन व्हायल आल्या. ओठ वाचला, पेशंट हसत घरी गेली. रात्री मी वेळेचा हिशोब मांडला. ओळखल्यापासून पहिलं इंजेक्शन जाईपर्यंत २६ मिनिटं गेली होती.

तेव्हा माझ्या प्रॅक्टिसला चौदा वर्षं झाली होती. ओठ शेकड्यांनी भरले होते, पण त्या दिवसाआधी फिलरने रक्तवाहिनी एकदाही बंद पडली नव्हती, आणि म्हणूनच तो फ्रीज कुणी तपासत नव्हतं. जे रोज घडतं ते सरावाने हातात बसतं. जे दहा वर्षांत एकदा घडतं त्याची शिकवणी मुद्दाम लावावी लागते, आणि नेमकी तीच आपण टाळतो, कारण वेटिंग रूम भरलेली असते. त्या प्रसंगानंतर मी स्वतःसाठी एक पद्धत बसवली. दहा-पंधरा वर्षं बोटॉक्स, फिलर, लेझर, पील (त्वचेचा वरचा थर सोलवणं) असे सौंदर्योपचार करणाऱ्या डॉक्टरांना ती उपयोगी पडेल म्हणून इथे मांडते.

पायरी १: कोर्स शोधण्याआधी स्वतःच्या फायली उघडा

आपण बहुतेक जण उलटं करतो. व्हॉट्सअॅपवर एखाद्या वर्कशॉपचं रंगीत पत्रक येतं, तारीख रविवारची असते, हॉटेल बरं असतं, म्हणून आपण नाव नोंदवतो. आपल्याला नेमकं काय येत नाही, हे कुणी तपासतच नाही.

मी हे काम आषाढात करते. चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यामुळे लगीनसराईची गर्दी ओसरलेली असते आणि सलग दोन-तीन दुपारी मोकळ्या मिळतात. एक साधी दोनशे पानी वही घ्यायची. गेल्या अठरा महिन्यांत जे पेशंट ठरलेल्या तारखेशिवाय परत आले किंवा ज्यांनी घाबरून फोन केला, ते सगळे त्यात उतरवायचे. प्रत्येकासमोर प्रोसिजर कोणती, कितव्या दिवशी तक्रार आली, त्वचेचा प्रकार कोणता आणि मी तेव्हा काय केलं, एवढंच. फक्त गुंतागुंती लिहू नका, टचअपही (राहिलेलं नंतर दुरुस्त करून देणं) लिहा. फुकट केलेला टचअप म्हणजे पहिल्या वेळी काहीतरी चुकल्याची पावती असते.

मला वाटत होतं, माझी कच्ची बाजू थ्रेड्स (त्वचा ओढून धरणारे धागे) असणार. वहीने वेगळंच सांगितलं. एक म्हणजे कपाळाच्या बोटॉक्सनंतर उजवी भुवई जड झाल्याच्या तक्रारी. बऱ्याच विचारानंतर लक्षात आलं की मी कायम खुर्चीच्या एकाच बाजूला उभी राहते आणि पलीकडची टोचणी थोडी खाली जाते. ही चूक कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. दुसरं म्हणजे वांगावर लेझर टोनिंग (डाग उजळवणारे लेझर) घेतलेल्या पाच जणींच्या गालांवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके आले होते. पाचही जणींच्या दर आठवड्याला एक अशा दहापेक्षा जास्त सिटिंग झालेल्या. क्यू-स्विच्ड १०६४ नॅनोमीटर लेझर कमी ताकदीवर वापरला तरी वारंवार मारल्यावर रंगपेशींना असा दणका बसू शकतो, हे मला वाचून माहीत होतं. पण पेशंट "अजून थोडं उजळू दे" म्हणायची आणि मी पुढची तारीख देत होते. त्या वर्षी थ्रेड्सचं वर्कशॉप सोडलं आणि वांगावरच्या उपचारांसाठी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या ओपीडीत जाऊन बसले.

पायरी २: तोंडपाठ वाक्यांसमोर वर्ष लिहा

वहीच्या दुसऱ्या बाजूने सुरुवात करा. पेशंटना आपण जी वाक्यं न विचार करता सांगतो ती लिहायची आणि प्रत्येकासमोर, हे मी कोणत्या साली शिकले, ते लिहायचं. माझ्या यादीतलं पहिलंच वाक्य होतं: "आयसोट्रेटिनॉइन बंद करून सहा महिने झाल्याशिवाय कुठलीही प्रोसिजर नाही." मुरुमांवरच्या या गोळीबद्दल हे मी एमडीच्या दिवसांत शिकले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी आणि त्याच वर्षी आपल्याकडच्यांनीही पुरावे तपासून हा सरसकट नियम मोडीत काढला. वरवरचे पील, लेझरने केस काढणं यासाठी एवढं थांबायची गरज नाही. डर्माब्रेजन (त्वचा घासून काढणं) किंवा पूर्ण थर काढणाऱ्या लेझरबाबत मात्र सावधगिरी कायम आहे. त्यानंतरही दोन वर्षं मी मुलींना विनाकारण परत पाठवत होते.

दुसरं वाक्य सनस्क्रीनचं. एसपीएफचा आकडा सांगून आपण मोकळे होतो. पण आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर दृश्य प्रकाशही काळे डाग वाढवतो आणि साधं, रंग नसलेलं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित मातकट रंगाचं सनस्क्रीन वांगवाल्या पेशंटना का द्यायचं, हे समजल्यावर माझ्या प्रिस्क्रिप्शनची एक ओळ कायमची बदलली.

तिसरं उदाहरण जरा जिवावरचं आहे. फिलर रक्तवाहिनीत शिरून दृष्टी गेल्याच्या जगभरातल्या प्रकरणांचा आढावा डॉ. केटी बेलेझनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडला. त्यात ९८ प्रकरणं होती. सर्वांत धोक्याची जागा दोन भुवयांमधली, ३८.८ टक्के; नाक दुसरं, २५.५ टक्के. जवळपास निम्म्या प्रकरणांत पेशंटची स्वतःची चरबी भरलेली होती. त्यांनीच २०१९ मध्ये नवी ४८ प्रकरणं तपासली, तर नाक ५६.३ टक्क्यांवर पोहोचलेलं आणि ८१.३ टक्के प्रकरणांत हायलुरोनिक अॅसिडचं, म्हणजे हायलुरोनिडेजने विरघळणारं फिलर. चार वर्षांत चित्र पालटलं, कारण लोक करत असलेली कामं पालटली. बिनशस्त्रक्रियेचं नाक लोकप्रिय झालं. २०१५ चं पाठ करून बसलेला डॉक्टर भुवयांमध्ये जपून टोचेल आणि नाकावर बिनधास्त राहील.

पेशंटही बदलतात. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात आलं. वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांमुळे सहा महिन्यांत गाल बसलेली माणसं आता समोर येऊ लागली आहेत. त्यांचं वजन अजून उतरत असतं, म्हणजे आज भरलेला गाल तीन महिन्यांनी वेगळाच दिसणार. जुना "एका गालाला एवढं" हा अंदाज इथे चालत नाही.

पायरी ३: शरीररचनेकडे परत जा, पण सुई घेऊन

पहिल्या वर्षाला चेहऱ्याचं विच्छेदन केलं होतं तेव्हा आपल्याला फिलर हा शब्दही ठाऊक नव्हता. म्हणून अनुभवी माणसाने कॅडेव्हर कोर्स, म्हणजे मृतदेहावरचा सराव, एकदा तरी करावाच. मात्र त्यात आधी रंगीत फिलर आपल्या नेहमीच्या पद्धतीने टोचायला मिळालं पाहिजे आणि मग तीच जागा उघडून पाहायला मिळाली पाहिजे. मी कानशिलात "हाडावर" टोचलं होतं, शपथेवर सांगितलं असतं. त्वचा उलगडली तर निळा रंग स्नायूत पसरलेला. बारा वर्षं मी जे हाड समजत होते ते हाड नव्हतं.

कॅन्युलाबद्दलचा (सुईऐवजी वापरतात त्या बोथट नळीबद्दलचा) आपला गैरसमजही तिथेच उतरतो. २२ किंवा २५ गेजची बोथट कॅन्युला सुईपेक्षा सुरक्षित आहे, पण २७ गेजची बारीक कॅन्युला धमनीच्या भिंतीत जवळपास सुईइतक्याच सहज घुसते. कॅडेव्हरची मर्यादा एवढीच की त्याला नाडी नसते आणि ऊती ताठरलेल्या असतात.

म्हणून पुढची पायरी म्हणजे चेहऱ्याची सोनोग्राफी, धमनी कुठून जाते ते टोचण्याआधी पाहण्यासाठी. शिकण्यासारखीच गोष्ट आहे. पण ऑनलाइन छोटा प्रोब मागवण्याची घाई करू नका. आपल्याकडे सोनोग्राफी मशीन कोणत्याही कामासाठी घेतलं तरी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी लागते. गाल पाहायला घेतलंय, हे उत्तर चालत नाही. परदेशी प्रशिक्षक हे सांगत नाहीत, त्यांना ते ठाऊक नसतं.

पायरी ४: आणीबाणीची कवायत

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. यासाठी कुणाला फी द्यावी लागत नाही, तरी हीच पायरी सर्वांत जास्त टाळली जाते.

आधी औषधांची पेटी. डॉ. क्लाउडिओ डी-लोरेन्झी यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ओठासारख्या एका भागाला साधारण ५०० युनिट हायलुरोनिडेज, दोन भागांना १०००, तीन भागांना १५००, आणि रंग परत येईपर्यंत दर तासाला पुन्हा तेवढंच. आपल्याकडे मिळणारी व्हायल बहुधा १५०० युनिटची असते. आता गणित करा. ओठापासून नाकापर्यंत पसरलेला अडथळा आणि चार तास, म्हणजे दोन व्हायलवर कोण निभावणार? मी सहा ठेवते, प्रत्येकीवर मुदत जाड मार्करने लिहिते, आणि जवळच्या तीन क्लिनिकशी देवाणघेवाणीचं ठरवून ठेवलंय. हे औषध प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेलं असल्यास त्याचीच अॅलर्जी येऊ शकते. म्हणून त्याच पेटीत १:१००० अॅड्रेनलिन, मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ मिली. शिवाय अॅस्पिरिन, गरम शेकाच्या पिशव्या आणि एक साधं स्टॉपवॉच. झाकणाच्या आतल्या बाजूला चार फोन नंबर: रेटिनाचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, जवळचं रुग्णालय आणि १०८. मोबाईलमध्ये आहेत म्हणून भागत नाही. घाबरलेल्या हातांना पासवर्ड आठवत नाही.

मग कवायत, दर तीन महिन्यांनी, न सांगता. आमच्याकडे पेशंट म्हणून अकाउंटंट बसतात, त्यांना ते काम आवडतं. मी मोठ्याने म्हणते, "ओठ पांढरा पडलाय," आणि घड्याळ सुरू होतं. पहिल्या कवायतीत औषध भरलेली सिरिंज हातात यायला नऊ मिनिटं लागली, कारण फ्रीजची किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि सलाईनची बाटली वरच्या कपाटात, स्टुलावर चढल्याशिवाय न मिळणारी. दुसऱ्या वेळी प्रसंग डोळ्याचा घेतला: "मॅडम, उजव्या डोळ्याला दिसत नाहीये." तेव्हा कळलं की आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा राहत नाही. त्या इमारतीत मी अकरा वर्षं होते.

डोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडला तर हातात ९० मिनिटं असतात, असं आपल्याला शिकवलं गेलं. आता रेटिनाला त्याहून कितीतरी लवकर, मिनिटांत मोजावी अशी इजा होते असं मानलं जातं. म्हणून मी संध्याकाळी सातला स्वतः गाडी काढून रुग्णालयापर्यंतचा वेळ मोजला. दुपारी दीडला जो रस्ता दहा मिनिटांचा असतो तो घोडबंदर रोडच्या गर्दीत कसा होतो, हे ठाणेकरांना सांगायला नको. तेव्हापासून दोन रुग्णालयं ठरलेली आहेत, एक तीन हात नाक्याच्या अलीकडे, एक माजिवड्यापलीकडे, आणि कोणत्या वेळी कुठे जायचं ते कागदावर लिहिलेलं आहे. नाकातलं आणि भुवयांमधलं फिलर मी आता सकाळीच करते.

पायरी ५: आता कोर्स निवडा

कायद्याचा भाग थोडक्यात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी कोर्स-परिषदांना हजेरी लावून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. तेवढे मागच्या रांगेत बसून, चहा पिऊनही मिळतात, म्हणून पॉइंट आणि कौशल्य यांची गल्लत करू नका. नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्ये केस प्रत्यारोपण आणि एस्थेटिक प्रोसिजरबद्दल स्पष्ट सांगितलंय की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर नुसतं पाहणं म्हणजे पुरेसं प्रशिक्षण नव्हे. केवळ व्हिडिओ पाहून नवी गोष्ट सुरू केली आणि प्रकरण ग्राहक न्यायालयात गेलं, तर तिथे अनुभवाची वर्षं मोजून फारसं पदरात पडणार नाही.

आयोजकांना फोन करून मी हे विचारते: एका प्रशिक्षकामागे किती जण? माझ्या हातात सुई येणार की मी खांद्यावरून डोकावणार? मॉडेल कोणत्या वर्णाचे? गोऱ्या त्वचेवर ठरवलेली लेझरची सेटिंग सावळ्या गालावर मारली की काय होतं, ते आपण सगळ्यांनी एकदा तरी भोगलंय. महिन्यानंतरचे फोटो दाखवणार की फक्त त्याच दिवशीचे? आणि शेवटी, "तुमच्या स्वतःच्या हातून झालेल्या एखाद्या गुंतागुंतीचा फोटो दाखवाल का?" उत्तर "आमच्याकडे गुंतागुंती होत नाहीत" असं आलं, की मी नमस्कार म्हणून फोन ठेवते.

कंपन्यांच्या फुकट वर्कशॉपना मी जाते, लपवत नाही. जेवण चांगलं असतं. त्यांचं फिलर किती घट्ट, कोणत्या सुईतून जातं, मशीनचा हँडपीस कसा जपायचा, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगणार नाही. पण ते कोणत्या पेशंटला लागतं आणि कुणाला लागत नाही, हे त्यांच्याकडून शिकू नये.

अनुभवी माणसाला सर्वांत जास्त मिळतं ते दुसऱ्याच्या ओपीडीत गप्प बसून. कळव्याच्या महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयापासून नेरूळ-कामोठ्यापर्यंत आपल्या पट्ट्यात शिकवणारी रुग्णालयं आहेत. विभागप्रमुखांना रीतसर पत्र देऊन केस मीटिंगला बसू देण्याची विनंती करा. मी ट्रान्सहार्बर लोकलने नेरूळला जाते, येताना टिपणं डब्यातच होतात. तिथली रेसिडेंट मुलं आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतात आणि आपण विसरलेले प्रश्न विचारतात. थोडा कमीपणा वाटतो. वाटू द्यावा. आयएडीव्हीएल (त्वचारोगतज्ज्ञांची भारतीय संघटना) आणि असोसिएशन ऑफ क्युटेनियस सर्जन्स ऑफ इंडिया यांची नियतकालिकं नेटवर मोफत वाचता येतात; महिन्यातून एक लेख शेवटपर्यंत वाचला तरी पुष्कळ झालं.

पायरी ६: रिसेप्शनवरच्या ताईंनाही शिकवा

फिलरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येणारा पहिला फोन आपण उचलत नाही, ताई उचलतात. "थोडं काळंनिळं आहे" या वाक्याचे दोन अर्थ होतात: एक साधा मार, दुसरा मरत चाललेली त्वचा. आमच्या ताईंच्या टेबलावर चार प्रश्न चिकटवलेले आहेत. दुखणं कालपेक्षा वाढलंय का? रंग जाळीसारखा आहे का? बोट दाबून सोडल्यावर रंग लगेच येतो का? डोळ्यांना काही होतंय का? शेवटच्या प्रश्नाला "हो" आलं तर मला न विचारता रुग्णालय. बाकी कुठेही "हो" आलं तर उजेडातला फोटो मागवून मला लगेच फोन, मी प्रोसिजरमध्ये असले तरी. "डॉक्टर बिझी आहेत, दुपारनंतर करा," हे वाक्य आमच्याकडे बंद झालं.

एक गोष्ट उलट ताईंनीच मला शिकवली. नवरीला पीलची तारीख देताना मी लग्नाची तारीख विचारायचे. त्या म्हणाल्या, "मॅडम, हळद कधी ते विचारा." सोललेल्या त्वचेवर पाच सुवासिनींनी मनापासून चोळलेली हळद काय करते, हे मी त्याआधी दोनदा पाहिलं होतं, पण दोन्हींचा संबंध जोडला नव्हता. आता आमच्या फॉर्मवर हळदीचा रकाना आहे.

पायरी ७: परत आल्यानंतरचे ९० दिवस

कोर्सवरून सोमवारी परतायचं आणि बुधवारी नव्या ट्रीटमेंटचं पोस्टर लावायचं, हे नको. पहिले दहा पेशंट मी स्वतः निवडते, सोप्या चेहऱ्याचे, घाई नसलेले. त्यांना सरळ सांगते, "हे मी नव्याने शिकून आलेय, तुम्ही माझ्या तिसऱ्या आहात." कुणी उठून गेलं तर जाऊ दे, बहुतेक थांबतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सुईही नवी, डोसही नवा, जागाही नवी असं केलं तर चांगलं-वाईट कशामुळे झालं ते कळत नाही. फोटो एकाच जागी, एकाच उजेडात. संमतिपत्रकातला मजकूर नव्या धोक्यांप्रमाणे बदलायचा, मराठीत, पेशंटला वाचून कळेल असा. ९० दिवसांनी परत तीच दोनशे पानी वही. नव्या पद्धतीने टचअप कमी झाले नसतील तर शिकलेलं सोडून द्यायचीही तयारी हवी. भुवईचं म्हणाल तर मी आता खुर्चीच्या दोन्ही बाजूंना जाऊन टोचते. त्याला कोर्स लागला नाही, फक्त वही लागली.

ठाणे आणि वाशीतले आम्ही पाच जण महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी भेटतो. नियम एकच: प्रत्येकाने त्या महिन्यात आपल्या हातून चुकलेली एक केस, पेशंटची ओळख झाकून, आणायची. चांगल्या केसचे फोटो दाखवायला मनाई आहे, ते इन्स्टाग्रामवर दिसतातच. पहिल्या दोन बैठकांत सगळे दुसऱ्यांच्याच चुका सांगत होते. तिसरीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी स्वतःची भाजलेली केस टेबलावर ठेवली, आणि मग गाडी रुळावर आली.

गेल्या कवायतीत औषध भरलेली सिरिंज हातात यायला ३ मिनिटं ४० सेकंद लागली. लिफ्टचं कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. सध्या चाकाच्या खुर्चीवर भागवतोय, आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगसाठी मी अर्ज दिलाय.